विस्तव झाकणावर

खान्देशात खापर चुलीवर पालथं घालतात, त्याच्या पाठीवर पुरणाचा मांडा पसरतात आणि आग खालून लागते. गोव्यात नाताळच्या आधीच्या आठवड्यात याच्या नेमकं उलट चालतं. भांड्याच्या तळाशी पातळ पिठाचा एक थर, तोंडावर पत्र्याचं झाकण आणि झाकणावर रसरशीत निखारे. थर वरून भाजला की झाकण उचलायचं, चमचाभर तूप सोडायचं, त्यावर पिठाची दुसरी पळी ओतायची, पुन्हा झाकण, पुन्हा निखारे. असे निदान सात थर चढले की बेबिंका होतो. नारळाचा घट्ट रस, अंड्याचे बलक, साखर, थोडा मैदा, तूप आणि जायफळ एवढाच त्याचा ऐवज. फुगण्यासाठी त्यात ना सोडा, ना यीस्ट. केकच्या दुकानात तो मिळतो म्हणून त्याला केक म्हणायचं, एरवी खरवस आणि केक यांच्या मधली ही जात आहे.

या पदार्थाचं सगळं मर्म वरच्या आगीत आहे, हे कळायला मला तो भाजताना पाहावा लागला. आग खालून लावली तर काय होईल याचा विचार करा. पहिला थर सात वेळा भाजला जाईल, दुसरा सहा वेळा, आणि शेवटचा थर जमेपर्यंत तळाचा कोळसा झालेला असेल. आग वर असली की प्रत्येक थराला तिची थेट धग एकदाच लागते. तो भाजला की त्याच्यावर पुढचा थर येतो आणि तो खालच्याला झाकून टाकतो. म्हणून कापल्यावर प्रत्येक थराच्या माथ्यावर तपकिरी रेघ दिसते आणि पोटात तो मऊसूत, खव्यासारखा ओला राहतो. ती रेघ म्हणजे साखर आणि अंड्यातली प्रथिनं वरच्या धगीत एकदाच करपल्याची खूण. मधलं तूप दोन थर चिकटू देतं, पण एकजीव होऊ देत नाही. चांगला बेबिंका सुरीच्या टोकाने थराथराने उलगडता येतो.

खान्देशातल्या आमच्या सावद्याच्या अंगणातून हा पदार्थ रोज जातो म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. वास्को ते हजरत निजामुद्दीन धावणारी गोवा एक्स्प्रेस मडगाव, पुणे, दौंड, मनमाड करत भुसावळला येते आणि पुढे खंडव्याच्या वाटेला लागते. सावदा, निंभोरा, रावेर ही स्टेशनं त्याच मार्गावर. ज्या रुळांवरून आमच्या केळीच्या वॅगन्स दिल्लीला गेल्या, त्याच रुळांवरून गोव्याहून परतणाऱ्या पर्यटकांच्या पिशव्यांत काजूच्या पुड्यांशेजारी बेबिंक्याचे खोके जातात. सुट्टी संपवून आलेल्या शेजाऱ्याने दिलेली फोड खान्देशातल्या बऱ्याच जणांनी चाखली आहे. ती बहुतेकदा कारखान्यातली असते, आणि ती खाऊन पदार्थाविषयी मत बनवणं म्हणजे पाकीटबंद पुरणपोळीवरून मांड्याविषयी मत बनवणं. मला हे मनापासून लागतं, कारण दोन्हीकडे हरवते ती एकच गोष्ट, आगीपाशी बसून राहिलेलं माणूस.

ज्या घरात मी बेबिंका होताना पाहिला ते सासष्टीतलं, मडगावपासून फार लांब नाही. घरातल्या आंटी सत्तरीच्या पुढच्या. सून नोकरी करते आणि एरवी ओव्हनच्या वरच्या कॉइलखाली बेबिंका भाजते. पण नाताळचा पहिला बेबिंका निखाऱ्यावरच व्हायचा असा आंटींचा नेम. त्यांचं मराठी कोकणीच्या अंगाने जातं. मला त्या ‘पुता’ म्हणत होत्या.

दिवस सुरू होतो तो नारळापासून. खवलेला नारळ कोमट पाण्याचा हबका मारून मळायचा, स्वच्छ फडक्यात बांधून पिळायचा. पहिल्या पिळणीचा घट्ट रस म्हणजे आपरोस, तो बेबिंक्याला. त्याच चोथ्यात पाणी घालून काढलेला दुसरा पातळ रस दुपारच्या हुमणाला. काहीच वाया जात नाही. अंडी फोडून त्यांनी बोटांच्या फटीतून पांढरं खाली सोडलं आणि बलक तळहातावर राखले. पांढऱ्याचं भांडं सून उचलून घेऊन गेली, कारण त्याचे खोबऱ्याचे मॅकरून व्हायचे होते.

प्रमाण घरोघरी वेगळं असतं. साधारण दहा बलकांना दोन मोठ्या वाट्या आपरोस, दीड वाटी साखर, वाटीभर मैदा, अर्धा चमचा किसलेलं जायफळ आणि सोडायला वाटीभर साजूक तूप असं धरलं तर सात थरांचा मध्यम बेबिंका होतो. साखर रसात आधी पुरती विरघळवतात. बलक फेटतात ते फेस न आणता, कारण फेस आला की थरात जाळी पडते. मग मैदा, मग गाळणं, आणि गाळलेलं पीठ अर्धा तास झाकून ठेवणं. पीठ धिरड्याच्या पिठाइतकं पातळ हवं, पळीतून न तुटता वाहायला हवं.

निखारे करवंटीचे. करवंटीचा विस्तव बराच वेळ टिकतो. धग थोडी कमी वाटली की आंटी वर नारळाच्या वाळलेल्या सोडणाचा तुकडा टाकत. तो भडकतो, मिनिटभर जोराची धग देतो आणि विझतो. घड्याळ त्यांच्याकडे होतं, पण पाहिलं कुणीच नाही. त्या झाकणावरून हात फिरवत, वीतभर उंचीवरून, आणि तेवढ्यावर ठरवत. झाकण उचललं तेव्हा पहिला थर कडांनी सुटला होता, मध्ये फुगून फोड आला होता आणि त्यावर बिबट्याच्या अंगासारखे डाग पडले होते. त्यांनी माडाच्या झावळीची एक हीर उचलून फोडाला टोचली. वाफ सुटली, थर खाली बसला. मग तूप. तूप थरावर पडताच चर्र आवाज यायला हवा. तो आला नाही तर थर कच्चा आहे समजून पुन्हा झाकण. नंतर दुसरी पळी.

मी तिसऱ्या थराला विचारलं, अजून किती वेळ. त्यांनी मान वर न करता म्हटलं, “घाय करूं नाका, पुता.” एका थराला दहा-पंधरा मिनिटं, वरचे थर थोडे जास्त वेळ घेतात, त्यात निखारे बदलणं, राख झाडणं. दोन-तीन तास कुठे जात नाहीत. एवढा वेळ त्या पाटावरून उठल्या नाहीत, दारात कुणी आलं तरी बसल्या जागेवरूनच बोलल्या. झाल्यावरही तो लगेच कापत नाहीत. रात्रभर गार होऊ द्यायचा, तूप थिजू द्यायचं, मग ताटावर पालथा घालायचा. गरम बेबिंक्यावर आइस्क्रीमचा गोळा ही हॉटेलांची सोय आहे. घरात तो गारच, पातळ फोडी करून, थोडा थोडा खातात. इतकी साखर आणि इतके बलक असलेला पदार्थ थोडाच खायचा असतो.

त्या घरात बेबिंका एकटा नव्हता. मोठ्या ताटात नेवऱ्या होत्या, म्हणजे आपल्या करंज्याच. काळाभोर दोदोल होता, तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि माडाचा गूळ तासन्तास ढवळून आटवलेला. हरभऱ्याच्या डाळीचं दोस, पेरूची घट्ट वडी म्हणजे पेराद, कुलकुल, रव्या-खोबऱ्याच्या बोलिन्या. हे ताट नाताळात शेजारीपाजारी फिरतं, हिंदू घरांतही जातं. त्या घरांतून चवथीला आणि दिवाळीला फराळ आलेला असतो. आपल्याकडे दिवाळीच्या फराळाचं ताट वरून विणलेल्या रुमालाने झाकून शेजारी जायचं, ते आता पुष्कळ गावांत थांबलं आहे. तिथे ते अजून चालतं आणि ते पाहून मला फार बरं वाटलं.

बेबिंका आला कुठून याची एक गोष्ट गोव्यात सगळे सांगतात. जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठात बिबियाना नावाची जोगीण होती. मठात कपड्यांना खळ करण्यासाठी अंड्याचं पांढरं वापरत, बलक उरत. तिने त्यांचा सात थरांचा गोड पदार्थ केला, लिस्बनच्या आणि जुन्या गोव्याच्या सात टेकड्यांच्या नावाने. पाद्रींना तो लहान वाटला, म्हणून थर वाढत चौदा-सोळापर्यंत गेले. ही दंतकथा आहे आणि ती तशीच ऐकावी. पण तिच्यामागचा मठ खरा आहे. आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांच्या पुढाकाराने 1606 मध्ये त्याचं काम सुरू झालं, 1627 मध्ये पुरं झालं, 1636 मध्ये तो जळाला आणि पुन्हा उभारला. आशियातल्या पहिल्या मोठ्या स्त्री-मठांत त्याची गणना होते. शेवटची जोगीण 1885 मध्ये वारली. आज त्या वास्तूत ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे.

आणि बलकांची गोष्टही नुसती कल्पना नाही. पोर्तुगालमधल्या मठांच्या मिठायांचा अख्खा वंश बलक आणि साखर यांच्यावर उभा आहे. पांढरं खळीला आणि वाइन नितळ करायला जाई, बलक स्वयंपाकघरात येत. गोव्यात त्या रीतीला दोन गोष्टी नव्याने मिळाल्या, माडाचा रस आणि साजूक तूप. बिबियाना झाली असेल वा नसेल, गोव्यातल्या ज्या बायकांच्या हातात ही रीत आली त्यांनी आपला नारळ त्यात घातला. माझ्या लेखी बेबिंक्याच्या इतिहासातला मोठा क्षण तो. त्या बायकांची नावं कुठल्याच दप्तरात नाहीत.

वरच्या आगीची ही विद्या एकट्या गोव्याची नाही. फिलिपिन्समध्ये 16 ते 24 डिसेंबर अशा नऊ पहाटेच्या प्रार्थना होतात, आणि चर्चच्या दारात तांदळाच्या पिठाचा, नारळाच्या रसाचा बिबिंका भाजत असतो, खाली कोळसे, वर कोळसे. तो भाजतात केळीच्या पानावर. हे वाचून सावद्याचा माणूस क्षणभर थांबतोच. पान मडक्याच्या तळाशी अंथरलं की पीठ चिकटत नाही आणि करपलेल्या पानाचा वास त्यात उतरतो. आमच्या शेताच्या बांधाबांधावर जी पानं वाऱ्याने फाटत असतात, त्यांना तिकडे नाताळचं मोल आहे.

इंडोनेशियात हीच विद्या डच काळात घडत गेली. त्यांचा लापिस लेगित लोण्याचा, वीस-तीस बलकांचा, अठरा आणि त्याहून अधिक पातळ थरांचा. दालचिनी, लवंग, जायफळ, जायपत्री, वेलची असे मसाले त्यात पडतात. नाताळला, चिनी नववर्षाला आणि ईदलाही तो होतो. थरांचा मसालेदार केक म्हणून जगात ज्याची ओळख आहे तो हा. बेबिंक्यात मसाला एकच, जायफळ. पण त्या एका मसाल्यासाठी केवढं रक्त सांडलं. जायफळ एके काळी फक्त बांदा बेटांवर पिकत असे. पोर्तुगीज गलबतं 1512 मध्ये तिथे पोचली. डचांनी 1621 मध्ये ती बेटं ताब्यात घेताना तिथल्या बहुतेक मूळ रहिवाशांना मारलं, गुलाम केलं वा हाकलून लावलं. आज जायफळ कोकणातल्या आणि गोव्यातल्या माडापोफळीच्या बागांत पिकतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकण सुगंधा, कोकण स्वाद अशा जाती काढल्या. आपल्या घरी ते बाळाच्या गुटीत उगाळतात, श्रीखंडात घालतात, मांड्याच्या पुरणात वेलचीबरोबर किसतात. आंटींनी पिठावर जायफळ किसलं तेव्हा मला आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवसाचाच वास आला.

आता सावद्यात हे जमेल का, असं इथल्या बऱ्याच जणींनी मला विचारलं. पहिली अडचण नारळाची. आमच्याकडे ओला नारळ देवापुढे फुटतो, त्याचा प्रसाद होतो. स्वयंपाकात मान सुक्या खोबऱ्याचा, भाजून काळ्या मसाल्यात वाटलेल्या. नारळाचा रस काढायची चाल नाही. पण बाजारात नारळ मिळतो आणि रस काढणं एका बैठकीत शिकता येतं. जुना, हलवल्यावर कमी पाणी वाजणारा नारळ घ्यावा, त्याचं खोबरं जाड आणि तेलकट असतं.

दुसरी अडचण अंड्याची, आणि ती खरी आहे. गावात स्वामिनारायण मंदिर आहे, माळकरी घरं आहेत. पुष्कळ स्वयंपाकघरांत अंडं येत नाही, आणि त्या घरांना ‘बिनअंड्याचा बेबिंका करा’ असं मी सांगणार नाही. बलकाशिवाय तो थर धरत नाही. कॉर्नफ्लोअर घालून जे होतं ते नारळाची वडी म्हणून छान लागेल, पण ती वडीच. ज्या घरांत अंडं चालतं तिथेही त्याची भांडी वेगळी असतात आणि चूल ओट्यावर नसून मागच्या पडवीत असते. बेबिंक्याला ती पडवी उत्तम.

आगीची अडचण मात्र मुळीच नाही. आमच्याकडच्या अनेक घरांत माळ्यावर एक गोल, ॲल्युमिनिअमचा विजेचा ओव्हन पडलेला असतो. झाकणाला काचेची छोटी खिडकी, आणि गरम होणारी कॉइल झाकणात. मुलांच्या वाढदिवसाचे केक त्यात झाले, पुढे मायक्रोवेव्ह आला आणि तो वर गेला. साध्या केकला त्याची एक खोड होती, वरून लवकर लाल व्हायचं आणि पोटात कच्चं राहायचं. ती खोड बेबिंक्याचा गुण ठरते. तो ओव्हन म्हणजे विस्तव ठेवलेलं झाकणच. पातळ थर ओतायचा, झाकण लावायचं, काचेतून डाग दिसले की तूप आणि पुढची पळी. आमच्या पडवीत त्यात भाजलेल्या बेबिंक्याच्या रेघा सासष्टीतल्या निखाऱ्याइतक्याच ठळक उमटल्या. धुराचा वास तेवढा नव्हता.

ज्यांच्याकडे तो ओव्हन नाही त्यांनी जाड बुडाचं पातेलं आणि सपाट लोखंडी तवा घ्यावा. पातेलं जमिनीवर, तवा झाकण म्हणून, तव्यावर निखारे. भरताची वांगी भाजायला काट्याकुट्यांचा जाळ करणाऱ्या, गोवऱ्यांच्या आरात बट्ट्या भाजणाऱ्या हातांना निखाऱ्याची भाषा शिकवावी लागत नाही. गोवरीचा धूर मात्र या पदार्थाला सोसत नाही, कोळसाच हवा.

गोव्याच्या बेबिंक्याला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ऑल गोवा बेकर्स अँड कन्फेक्शनर्स असोसिएशनने त्यासाठी अर्ज केला होता. जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला ते 2016 मध्येच मिळालेलं, म्हणून या कागदाची किंमत आणि मर्यादा दोन्ही आम्हाला ठाऊक आहेत. नावाची चोरी त्याने थांबते. गोव्याबाहेर तयार केलेल्या मालावर ‘गोव्याचा बेबिंका’ असं छापता येत नाही, आणि हे चांगलंच झालं. पण आग कोणत्या बाजूने लागली, थरांमध्ये तूप होतं की वनस्पती, रस ताजा होता की डब्यातला, हे गिऱ्हाइकाने स्वतःच पाहावं लागतं.

पाहायचं कसं, ते आंटींनीच दाखवलं. फोड आडवी धरून थर मोजा. रेघा स्पष्ट आणि नागमोडी असल्या तर पळीने ओतलेला आहे. रेघा फुटपट्टीने आखल्यासारख्या सरळ आणि फिकट असल्या तर मोठ्या तव्यावर यंत्राच्या बेताने काढलेला. बोटाने दाबला तर तो किंचित परत वर यायला हवा. पिठूळ लागला तर मैदा जास्त पडलाय, बलकात काटकसर झाली आहे. जिभेवर आधी तूप, मग नारळ आणि शेवटी जायफळ लागलं पाहिजे. साखर सगळ्यात आधी लागली तर तो बेबिंका परत ठेवून द्यावा.

आंटी दर नाताळला काही मोजक्या घरांसाठी पैसे घेऊन बेबिंका करतात. गोव्यातल्या गावोगावी अशा बायका आहेत, आणि त्यांच्या मागण्या नोव्हेंबरात भरतात. त्यांचा दर दुकानापेक्षा चढा असतो आणि तो तसाच असायला हवा, कारण त्यात दहा बलक आणि दोन नारळ यांच्याबरोबर एका बाईचा अख्खा दिवस मोजलेला असतो. त्यांच्या सुनेने मला सांगितलं की पुष्कळ जण फोनवर विचारतात, सातऐवजी पाच थरांचा केला तर स्वस्त पडेल का. आंटी पाच थरांचा करत नाहीत. या दिवाळीत गोव्याला जाणाऱ्यांनी तिथल्या ओळखीच्या माणसाला सांगून ठेवावं. डिसेंबर उजाडल्यावर विचारलं तर त्यांच्या वहीत जागा उरलेली नसते.